काट्यावर न दिसणारी चरबी

(दृश्य: दोन मध्यमवयीन पुरुषांचं छायाचित्र. दोघेही सडपातळ.)

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघंही अंगानं बेताचे. पोट सुटलेलं नाही, गाल वर आलेले नाहीत. वजन आणि उंची यांचं गणित केलं तर दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. जगातल्या कुठल्याही दवाखान्यात गेले असते तर ‘वजन छान आहे’ असं सांगून दोघांनाही घरी पाठवलं असतं.

मग दोघांच्या शरीरातली चरबी डेक्सा या क्ष-किरणांच्या यंत्रावर मोजली. युडकिन यांच्या अंगात ती निघाली 9.1 टक्के. याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के.

दोघांची आडनावं इंग्रजी ‘वाय’ अक्षरानं सुरू होतात, म्हणून डॉक्टरमंडळींत हे उदाहरण ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ या नावानं ओळखलं जातं. लठ्ठपणाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा वजनाबद्दलच बोलतो. पण वजन तेच असलं म्हणून धोका तोच असतो असं नाही. माणूस कुठल्या समाजातला आहे, कुठल्या आईच्या पोटी वाढला, त्याच्या अंगावरची चरबी नेमकी कुठे जाऊन बसली आहे, यावर तो धोका बदलतो. आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तो फार लवकर सुरू होतो, काटा ‘ठीक आहे’ म्हणत असतानाच.

(दृश्य: जुनं ब्रुसेल्स शहर. नंतर दवाखान्यातला उंची मोजण्याचा दांडा.)

बीएमआय ही कल्पना कुणा डॉक्टरच्या डोक्यातून आलेली नाही. अडॉल्फ केटले हा बेल्जियमचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो ‘सरासरी माणूस’ कसा असतो याचा शोध घेत होता. उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वजन बदलतं हे त्याच्या लक्षात आलं. कुणाला आजार आहे, कुणाला नाही, हा त्याचा विषयच नव्हता. 1972 मध्ये अमेरिकेचे अन्सेल कीज यांनी या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, एवढाच हिशेब. पुढे 25 च्या वर जास्त वजन आणि 30 च्या वर लठ्ठपणा अशा रेषा ठरल्या. त्या ठरवताना समोर होती ती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आकडेवारी.

हजारो लोकांचा अंदाज घ्यायला हे सूत्र बरंच उपयोगी आहे, यात वाद नाही. अडचण होते ती एकाच रेषेवर सगळ्या जगाला उभं केलं की. इंग्लंडमधल्या 14 लाखांहून अधिक लोकांच्या आरोग्य नोंदी तपासून 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोऱ्या माणसाला बीएमआय 30 झाल्यावर टाइप 2 मधुमेहाचा जितका धोका असतो, तितकाच धोका इतर समाजांतल्या माणसांना किती बीएमआयला असतो, असा प्रश्न त्यात होता. कृष्णवर्णीयांसाठी उत्तर आलं 28.1. चिनी वंशाच्या लोकांसाठी 26.9, अरबांसाठी 26.6. आणि दक्षिण आशियाई, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश इथून गेलेल्यांसाठी 23.9.

हे आकडे आपल्या घरातल्या माणसावर लावून बघू. उंची 165 सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपाच फुटांच्या आतबाहेर. या उंचीच्या इंग्रज माणसाला लठ्ठ म्हणायला त्याचं वजन जवळपास 82 किलो व्हावं लागेल. त्याच उंचीचा आपला माणूस 65 किलोला तेवढ्याच जोखमीत असतो. साडेपाच फूट उंचीच्या 65 किलोच्या माणसाला आपल्याकडे कुणी जाड म्हणत नाही. उलट लग्नसमारंभात भेटलेली मावशी ‘वाळलास रे’ म्हणून आणखी एक जिलबी वाढते.

असा फरक असतो हे त्याआधीही लक्षात आलं होतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं 2004 मध्येच आशियाई लोकांसाठी 23 आणि 27.5 हे वेगळे टप्पे सुचवले. भारतीय तज्ज्ञांनी 2009 मध्ये रेषा आणखी खाली आणली. 23 च्या पुढे जास्त वजन, 25 च्या पुढे लठ्ठपणा. पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी मोबाईलमधली अनेक आरोग्य ॲप 24 बीएमआयच्या भारतीय माणसाला हिरव्या रंगात दाखवतात. याचा मला मनापासून राग येतो, कारण ज्यानं सावध व्हायचं तो माणूस तो हिरवा रंग बघून निर्धास्त होतो.

(दृश्य: पोटाच्या आडव्या छेदाचं रेखाचित्र. आधी त्वचेखालचा थर, मग आतड्यांभोवतालचा.)

चरबी ही मुळात शत्रू नाही. त्वचेखाली, मांड्यांवर, नितंबांवर साठणारी चरबी हे शरीराचं धान्याचं कोठार आहे. पण या कोठाराचं मापही प्रत्येकाचं वेगळं असतं. दक्षिण आशियाई माणसात ते बहुधा लहान असतं. ते भरलं की जादाची चरबी जिथे जायला नको तिथे जाते. आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंच्या तंतूंत.

तिथून खरं दुखणं सुरू होतं. आतड्यांभोवतालच्या चरबीतून सुटणारी स्निग्धाम्लं रक्तावाटे सरळ यकृतात जातात. रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं संप्रेरक म्हणजे इन्सुलिन. यकृत त्याचं ऐकेनासं होतं. माणूस रात्रभर उपाशी झोपलेला असतो, तरी यकृत साखर तयार करून रक्तात सोडत राहतं, म्हणून सकाळची उपाशीपोटीची शुगर वाढलेली दिसते. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं. जेवणानंतरची साखर सर्वाधिक उचलतात ते स्नायू. आपल्याकडे मुळात तेच कमी. मग स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन तयार करून कशीबशी बाजू सांभाळतं. काही वर्षं हे निभतं, नंतर त्याचीही ताकद संपते.

या सगळ्या काळात वजनात चार-पाच किलोंचा फरक पडलेला असतो, फार तर.

परदेशी गेलेल्या आपल्या लोकांत हे आधी ठळक दिसलं. पश्चिम लंडनमधल्या साउथहॉल भागात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1991 मध्ये आले. त्यातल्या दक्षिण आशियाई लोकांत मधुमेहाचं प्रमाण 19 टक्के होतं, युरोपीय वंशाच्या लोकांत 4 टक्के. कंबर आणि नितंब यांच्या मापांचं गुणोत्तर आपल्या लोकांत जास्त होतं. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाईंच्या हृदयविकारावर ‘मसाला’ नावाचा दीर्घ अभ्यास 2010 पासून चालू आहे. तिथेही तेच. यकृतात आणि पोटात चरबी जास्त, स्नायू कमी.

तेव्हा साहजिकच असं वाटलं की हा शहरी राहणीचा आणि परदेशी खाण्याचा परिणाम असावा. पुण्याजवळच्या सहा गावांनी ही समजूत मोडली.

(दृश्य: पुणे जिल्ह्यातलं जिरायती गाव. डोक्यावर हंडा घेतलेली बाई. शेतात खुरपणारी गरोदर बाई.)

1993 मध्ये केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. सोबत होत्या इंग्लंडच्या साउदम्प्टन विद्यापीठातल्या डॉ. कॅरोलिन फॉल. लग्न झालेल्या, पण अजून गरोदर न राहिलेल्या बायकांपासून नोंदी सुरू झाल्या. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जायच्या, पाळी आली का विचारायच्या. दिवस राहिले की आहार, कामं, रक्त, वजन, सगळं टिपलं जायचं.

या बायका गरोदर होण्याआधी सरासरी 42 किलोच्याही आत होत्या. बीएमआय 18 च्या आसपास. लठ्ठपणाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. पाणी आणणं, धुणं, शेतातली कामं नऊही महिने सुरूच. शरीरकष्ट जितके जास्त तितकं बाळ लहान, हेही याच नोंदींतून दिसलं. ज्यांच्या ताटात पालेभाजी, फळं आणि दूध होतं, त्यांची बाळं अंगानं मोठी निघाली.

जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन होतं 2.7 किलो. साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. इथपर्यंत नवल काही नाही. बारीक आई, बारीक बाळ.

नवल पुढे आहे. कॅलिपर नावाचा एक चिमटा असतो. बाळाच्या खांद्याच्या हाडाखाली, पाठीवर, कातडीची घडी दोन बोटांत अलगद धरायची आणि ती किती जाड आहे ते त्या चिमट्यानं मोजायचं. बाळ रडतं, पाय झाडतं, आणि मोजणारी बाई जराही न दाबता मिलिमीटरचा आकडा वाचते. दंडाचा घेर, पोटाचा घेर, डोक्याचा घेर, हे सगळं टेपनं. ही मापं साउदम्प्टनच्या बाळांशेजारी ठेवली. पुण्याच्या बाळाचा दंड फार बारीक. पोटाचा घेर त्याहून लहान, म्हणजे आतले अवयवच लहान. पण पाठीवरची चरबीची घडी? ती जवळपास तशीच. पावणेतीन किलोचं बाळ स्नायूंत कमी पडलं, अवयवांत कमी पडलं. चरबीत मात्र फारसं कमी पडलं नाही. पुण्यातल्या बाळांच्या आणखी एका अभ्यासात नाळेतल्या रक्तात इन्सुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त निघालं.

फोटोतल्या डॉक्टरांच्या अंगात सापडलेला फरक इथे जन्मतःच दिसत होता.

रक्ताच्या तपासण्यांत आणखी एक धागा हाती लागला. निम्म्याहून अधिक आयांच्या अंगात बी-12 हे जीवनसत्त्व कमी होतं. ते मिळतं दूध, अंडी, मांस-मासळीतून. गरिबीमुळे असो की शाकाहारामुळे, या गोष्टी बाईच्या ताटात थोड्या येतात, आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात तर त्याहून थोड्या. ज्या आयांमध्ये बी-12 कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या शरीरात इन्सुलिनला विरोध सगळ्यात जास्त आढळला.

ती मुलं मोठी होत गेली आणि संशोधक त्यांना मोजत राहिले. ती अठरा वर्षांची झाली तेव्हाचे आकडे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. साधारण सहाशे तरुण मुलंमुली. त्यातली जवळपास निम्मी, 48 टक्के, वजनानं कमी म्हणजे 18.5 बीएमआयच्याही खाली. तरीही या सहाशेंमधल्या मुलग्यांपैकी 37 टक्के आणि मुलींपैकी 18 टक्के जणांच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर किंवा त्यापुढे गेलेली.

मी हा आकडा अनेकदा पुन्हा वाचला आहे. आपण ज्यांना ‘जरा खात जा’ म्हणतो ती ही मुलं. यातलं कुणी पिझ्झा खाऊन इथवर पोचलेलं नाही. अशा शरीरावर पुढे शहरातली नोकरी, दुचाकी, वडापाव आणि रात्रपाळी येते. गावातला सडपातळ मुलगा पुण्याला किंवा चाकणला जातो, तिशीत दहा किलो वाढतो. बीएमआय होतो 24. घरचे म्हणतात, पोरगं आता कुठे भरलं.

(दृश्य: ॲरिझोनाचं वाळवंट, कोरडं नदीपात्र.)

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. प्रत्येक समाजाची यातली गोष्ट निराळी आहे. अमेरिकेत ॲरिझोनामधले पिमा आदिवासी गिला नदीच्या पाण्यावर शेती करून राहायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वस्ती करणाऱ्या गोऱ्यांनी ते पाणी वळवलं. शेती वाळली. पुढे सरकारी शिध्यात मैदा, साखर आणि डुकराची चरबी आली. 1965 पासून तिथे अमेरिकी संशोधक मधुमेहाचा अभ्यास करत आले, कारण जगात फार थोड्या ठिकाणी तो इतका आढळतो. याच पिमांचे भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात राहतात, हातानं शेती करतात. 2006 मध्ये दोघांची तुलना प्रसिद्ध झाली. ॲरिझोनातल्या पिमांत 38 टक्के प्रौढांना मधुमेह, मेक्सिकोतल्या पिमांत 6.9 टक्के. रक्त एकच, पण इकडची नदी गेली आणि तिकडची शेती राहिली.

प्रशांत महासागरातल्या नाउरू बेटाचं तसंच झालं. फॉस्फेटसाठी खाणींनी जमीन खरवडून नेली, अन्न डब्यांतून येऊ लागलं, आणि 1970 च्या दशकात तपासलं तेव्हा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास प्रौढांना मधुमेह निघाला.

त्याच महासागरात सामोआ आहे, आणि तिथली गोष्ट उलटी. 2016 मध्ये सामोअन लोकांत एक जनुकबदल सापडला. तो असलेल्या माणसाचं वजन जास्त असतं, पण त्याच बीएमआयच्या इतरांपेक्षा मधुमेहाचा धोका कमी. म्हणजे चरबी सुरक्षित जागी साठवण्याची क्षमता जास्त, असं म्हणता येईल. सामोआत मधुमेह नाही असं अजिबात नाही, तो भरपूर आहे. पण 30 बीएमआयचा सामोअन आणि 30 बीएमआयचा मराठी माणूस यांना एकाच पारड्यात टाकता येत नाही.

(दृश्य: सकाळची लोकल. ऑफिसची खुर्ची. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी बाई.)

आता आपल्या घरात येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 या काळात, 25 किंवा त्याहून जास्त बीएमआय असलेल्या बायका देशात 24 टक्के निघाल्या, पुरुष जवळपास 23 टक्के. त्याच फेरीत पहिल्यांदा कंबरही मोजली गेली. पोटाचा लठ्ठपणा पुरुषांत 12 टक्के, आणि बायकांत 40 टक्के. काट्यानं चारातली एक बाई दाखवली, टेपनं पाचातल्या दोन.

हा फरक फार बोलका आहे. बाळंतपणं, पाळी जाण्याच्या सुमाराला पोटाकडे सरकणारी चरबी, घराबाहेर मोकळं चालायला न मिळणं, उरलंसुरलं टाकवत नाही म्हणून खाणं. बाईचं पोट सुटलं तर ते वयाचं म्हणून सोडून दिलं जातं. तपासणीला नवरा जातो, ती बरोबर जाते आणि बाकावर बसून राहते.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी अभ्यासानं भारतात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोकांना मधुमेहपूर्व अवस्था असल्याचा अंदाज दिला. मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात होतं, 26.4 टक्के.

आणि धोका काही मधुमेहापुरता नाही. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ येतं, त्यातून काहींचं यकृत निकामी होतं. आपल्याकडे हृदयविकाराचा झटका पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात येतो. मुलींची पाळी अनियमित होते. घोरणं म्हणजे गाढ झोप असं आपण समजतो, पण घोरता घोरता श्वास थांबत असेल तर रक्तदाब आणि हृदय दोन्ही बिघडतात. गुडघे जातात. आतड्याचा, गर्भाशयाच्या अस्तराचा, पाळी गेल्यानंतरच्या स्तनाचा, असे तेरा प्रकारचे कर्करोग जादा चरबीशी जोडले गेले आहेत.

जाड माणसाची चेष्टा करणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. टोमणे खाऊन कुणी बारीक झाल्याचं मी पाहिलेलं नाही. टोमण्यांना कंटाळून दवाखान्यात जाणं टाळणारे मात्र खूप असतात. ज्या शरीराचा साचा आईच्या पोटात, तिच्या ताटातल्या कमतरतेनं ठरायला सुरुवात झाली, त्याबद्दल माणसाला आळशी म्हणून हिणवणं हा अन्याय आहे.

(दृश्य: शिंप्याची टेप. एक माणूस आरशासमोर उभा. टेप जवळून.)

मोजायचं कसं, ते नीट बघून घ्या. पॅन्टचा नंबर ही कंबर नव्हे. पोट पुढे आलं की पुरुष पॅन्ट पोटाखाली बांधतो आणि कित्येक वर्षं चौतीसच घालत राहतो. शर्ट वर करा. शेवटची बरगडी बोटानं चाचपा. खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा. या दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप आडवी गुंडाळा, मागून वर-खाली झालेली नाही ना पाहा. पोट आत ओढू नका. नेहमीसारखा श्वास सोडा आणि आकडा वाचा. पुरुषाला 90 सेंटीमीटर, बाईला 80. त्याच्या पुढे आकडा गेला असेल तर काटा काहीही म्हणो, रक्त तपासायची वेळ झाली. याहून सोपा आडाखा म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी.

आणि उपाय? चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 लोकांवर एक चाचणी केली, 2006 मध्ये ती प्रसिद्ध झाली. नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात सुमारे तीन वर्षांत 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. रोज चालणं आणि साखर, तेल, भाताचं प्रमाण कमी करणं यासाठी ज्यांच्या मागे सातत्यानं लागलं गेलं, त्या गटात तो 39 टक्क्यांना झाला. गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलं नव्हतं. दोन महिने चालून काटा हलला नाही म्हणून बूट कोपऱ्यात टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. स्नायू कामाला लागले की साखर उचलायला लागतात, आतली चरबी आधी हलते, काट्याला ते उशिरा कळतं.

गावात आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, आईवडिलांचा आजार यांच्याबरोबर कंबरेचं मापही विचारलेलं असतं. प्रत्येक उत्तराला गुण असतात आणि बेरीज चारच्या वर गेली की उपकेंद्रात तपासणीला पाठवलं जातं. तपासणी फुकट असते. बऱ्याच घरांत पुरुष कामावर गेलेला असतो आणि बाई ‘मला काय झालंय’ म्हणून टेप बाजूला सारते. आशाताई पुन्हा येतील तेव्हा घरातल्या सासूनं आणि सुनेनं, दोघींनीही माप देऊन टाकावं, आणि गुण चारच्या वर गेले तर त्याच आठवड्यात उपकेंद्र गाठावं.